ऑपरेटिंग सिस्टीम आणि मिडलवेअर
ऑपरेटिंग सिस्टीम एका यंत्रापुरते पाहते. प्रोसेसरचा वेळ कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क आणि नेटवर्क कोणाला वापरू द्यायचे, हे ती ठरवते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही हेच करते. पण एखाद्या व्यवहारात अनेक यंत्रे गुंतली, की मिडलवेअर लागते. दुसरे यंत्र बंद असेल तर निरोप रांगेत जपून ठेवणे हे त्याचे त्यातल्या त्यात सोपे काम. खरी कसोटी पैशांची: एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा झाली नाही, तर पहिली नोंदही रद्द व्हायला हवी. आयबीएमचे सीआयसीएस हे असे मिडलवेअर १९६९ मध्ये आले आणि बँकांच्या मेनफ्रेमवर ते अजूनही चालते.