भरतीची धाव आणि हृदयाची ताकद



ऊसनोंदीला आमचा स्टाफ पहाटे निघतो, तेव्हा गावोगावी डांबरी रस्त्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पळताना दिसतात. बहुतेक आपल्या सभासदांच्याच घरची. म्हणून या खेपेला उसाचा विषय बाजूला ठेवून या धावण्याविषयी लिहितो.

भरतीत 1600 मीटर धावावे लागते. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण 60 गुण. त्यामुळे मुले रोज उठून तेवढेच अंतर घड्याळ लावून जीव तोडून पळतात. सुरुवातीला वेळ सुधारते, मग अडते आणि नडग्या दुखायला लागतात.

उसाला सगळे नत्र एकदम कोणी टाकतो का? लागणीला 10 टक्के, सहा-आठ आठवड्यांनी 40, बारा-सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40, असे हप्ते आपण पाडतो. जोराच्या धावण्याचेही तसेच. 400 मीटर 82 सेकंदांत पळायचे (अशा चार फेऱ्या म्हणजेच साडेपाच मिनिटे), मग दोन-तीन मिनिटे चालायचे, पुन्हा 400. सुरुवातीला चारच फेऱ्या, तेवढी गती झेपत नसेल तर थोडी कमी. पुढे हळूहळू सहा-आठ. हे आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवशी बोलत बोलत धावता येईल इतके सावकाश, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती.

याने होते काय? हृदय म्हणजे स्नायूचा पंप. जोराच्या फेरीत विशीतल्या मुलाची नाडी मिनिटाला 180 च्या आसपास जाते, हृदयात रक्त भरभरून येते. असा ताण आणि विसावा आलटून पालटून मिळाला की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते. नॉर्वेतील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, चार-चार मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या दिल्या. ठोक्यामागचे रक्त सुमारे 10 टक्के वाढले. एकूण काम तेवढेच, पण सावकाश धावणाऱ्यांत ती वाढ दिसली नाही.

मात्र याला वेळ द्यावा लागतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनला राहिले आणि 2015 पासून क्रॉसकंट्रीत उतरले. आशियाई सुवर्णपदक 2023 साली मिळाले. आपली पोरं मात्र तारीख लागली की पळायला लागतात!

आता महत्त्वाचे. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना तरुण मुले दगावली. धावताना छातीत दुखणे, चक्कर, शुद्ध हरपणे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यातले काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. ताप असताना पळू नये. उन्हाळ्यात आठच्या आत आटपावे, पाणी पिऊन जावे. दम वाढवतो म्हणून कोणी गोळी-इंजेक्शन देत असेल तर त्याला गावात थारा देऊ नका. आणि चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू, बीपी किंवा शुगर असलेल्या वडीलधाऱ्यांनी पोरांच्या ईर्ष्येने पळू नये. रोजचे भरभर चालणे पुरे, त्यापुढचे डॉक्टरांना विचारून.

400 मीटर मोटारसायकलच्या आकड्यावर मोजू नका. गट ऑफिसात मोजणीची टेप आहे. आमच्या स्टाफला सांगा, सपाट मातीच्या रस्त्यावर चुन्याच्या खुणा करून देतील. डांबरी रस्ता शक्यतो नकोच, गाळपाच्या दिवसांत तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासूनच चालू असतात.