पेशंट न तपासणारी डॉक्टर

धायरीतल्या एका घरी आम्ही गेलो तेव्हा पेढ्यांचा बॉक्स टेबलावर होता, पण त्याची दोरीही सुटलेली नव्हती. घरातली लेक एमबीबीएस झालेली. आता एमडीला प्रवेश मिळाला होता. तरी कुणाच्या तोंडावर हसू नव्हते. वडील म्हणाले, "सिस्टर, एमडी मिळालं, पण फिजिओलॉजी. ना दवाखाना, ना पेशंट. एवढं शिकून मास्तरीणच व्हायचं का?"

आई आत चहा ठेवत होती. ती तिथूनच म्हणाली, "वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, आता घरचा डॉक्टर येणार म्हणून."

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिची बाजू मांडायला आम्ही गेलो नव्हतो. अभिनंदन करायला गेलो होतो. पण बोलणे निघालेच, म्हणून त्या घरात जे बोललो ते इथे लिहीत आहोत.

फिजिओलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला तीन विषय असतात : अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. अ‍ॅनाटॉमी शिकायची ती देहदानातून आलेल्या मृतदेहावर. फिजिओलॉजी शिकायची जिवंत माणसावर, म्हणजे बहुतेक वेळा शेजारी बसलेल्या मैत्रिणीवर. तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी घ्यायचे, स्वतःच्या बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजायचे, रक्तगट काढायचा, नळीत फुंकर मारून फुप्फुसाची ताकद बघायची. पूर्वी बेडकाच्या स्नायूवर प्रयोग चालत, आता ते कॉम्प्युटरवर दाखवतात. नर्सिंगच्या डिप्लोम्यालाही पहिल्याच वर्षी हा विषय असतो. नाडी बोटाखाली का उडते ते आम्हाला तिथे कळले. नंतर वॉर्डात मोजली ती नुसती नाडी.

धायरीकरांना हा विषय लांबचा वाटू नये. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या भागांत जीबीएसची साथ आली. पुणे परिसरात २०० हून जास्त रुग्ण आढळले. पाणी उकळून प्या, असे सांगत आम्ही दारोदार फिरत होतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. दूषित पाण्यातून, कच्च्या-अर्धकच्च्या अन्नातून तो पोटात जातो. शरीर त्याच्याशी लढायला उठते आणि त्या लढाईत चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पाय लुळे पडतात, मग हात, कधी श्वासाचे स्नायूसुद्धा.

हा आजार आहे की नाही हे ठरवताना एक तपासणी करतात. मनगटाशी आणि कोपराशी बारीक वीज देऊन तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. पेशंट घरी येऊन "शॉक दिला" म्हणून सांगतात, ती हीच. निरोगी हातात हा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. तंतूवरचे आवरण खराब झाले की वेग पडतो. अनेक मेडिकल कॉलेजांत हे यंत्र फिजिओलॉजी विभागाकडेच असते. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावतात, तेही याच शास्त्रातून आलेले. निरोगी माणूस सहज तीसच्या पुढे जातो. पंधरा-वीसच्या आत अडकू लागला तर वॉर्डात धावपळ सुरू होते. (घरी आकडे मोजत बसू नका. पायातली ताकद गेल्यासारखी वाटली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.)

त्या साथीत ज्या डॉक्टरांनी दुखणे ओळखले, त्यांना मज्जातंतू कुणीतरी फळ्यावर काढून शिकवला होता. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते गप्प झाले. पटले असेलच असे नाही.

मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. तिच्या टेबलावर गायटनचे जाडजूड पुस्तक होते. जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ते वाचतात. आर्थर गायटन अमेरिकेत सर्जन होण्याचे शिक्षण घेत होते. १९४६ मध्ये त्यांना पोलिओ झाला, पाय आणि हात अधू झाले, शस्त्रक्रिया कायमची सुटली. ते मिसिसिपीला परतले, फिजिओलॉजी शिकवू लागले आणि १९५६ मध्ये हे पुस्तक काढले. आई चहा घेऊन बाहेर आली ती हे ऐकत उभीच राहिली.

आता एक कडू गोष्ट. अशा विषयांच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, कारण त्यात प्रॅक्टिसचा पैसा नाही. २०२३ मध्ये जागा भरण्यासाठी पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता सगळ्याच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. आमच्या मुलांना गुणवत्ता शिकवणारे त्या वेळी कुठे होते, हे विचारायला हवे होते. पण ज्या खुर्च्या कुणाला नको आहेत, त्याच खुर्च्यांवर बसणारा माणूस प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्या वर्षी भेटतो. सीनियर रेसिडेंट, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, प्रोफेसर अशी ती वाट आहे.

आणि ते पहिले वर्ष कसे असते हे आम्हाला ठाऊक आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी मागच्या बाकावर बसते, प्रश्न कळूनही इंग्रजीत उत्तर जुळत नाही. आमच्या वेळी एका शिक्षिका आमचे आडनाव वाचून पुढच्या मुलीकडे वळायच्या. तोंडी परीक्षेत दोनच प्रश्न विचारले आणि "बस" म्हणाल्या. आज हे खोटे वाटत असेल तर थोरात समितीचा अहवाल वाचा. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी कसे वागतात हे तपासायला २००६ मध्ये सरकारने डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नाही, तोंडी परीक्षेत आडून जात विचारतात, असे मुलांनी समितीला सांगितले. २००७ मध्ये अहवाल आला. तेव्हा फिजिओलॉजीच्या टेबलापलीकडे आपली मुलगी बसलेली असणे ही साधी नोकरी नाही, असे आम्ही वडिलांना म्हणालो. बाबासाहेबांनीही मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली होती, याची त्यांना आठवण दिली. ते म्हणाले, "ते माहीत आहे मला." थोडे रागावूनच.

मेडिकल कॉलेजात काही मुले एकेका शिक्षकाच्या हवाली करतात. हजेरी, नापास झालेला पेपर, घरची अडचण, सगळे त्या शिक्षकाने ऐकायचे असते. कुठे हे मनापासून चालते, कुठे फक्त रजिस्टरवर सह्या असतात. आपली मुले नऱ्ह्याच्या काशीबाई नवलेत असोत, धनकवडीच्या भारती विद्यापीठात की ससूनजवळच्या बी. जे.मध्ये, त्यांना विचारा : तुझे मेंटॉर कोण? शेवटचे कधी भेटलास?

एमडीच्या विद्यार्थ्याला आणखी एक माणूस लागतो, गाइड. तीन वर्षांत एक प्रबंध करायचा असतो. विषय गाइडसोबत ठरतो, आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. इथे वस्तीचा संबंध येतो, कारण प्रबंधासाठी रक्त, बीपी, श्वासाची मोजणी बऱ्याचदा आपल्याच लोकांची होते. कुणी असे आले तर माहितीपत्रक मराठीत मागा. वाचता येत नसेल तर ते त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवले पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घरी ठेवा. संशोधनातल्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. नको वाटले तर मध्येच नाही म्हणता येते, त्यावरून तुमचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

मुलगी कॉलेजात रुजू झाली. परवा ती गाइडशी बोलून आली आणि आमच्याकडे थांबली. चुलीवर, शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची मोजणी करावी असे तिच्या मनात आहे. विहाराच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, तिने त्यांनाच विचारले, नळीत फुंकायला याल का?

एक आजी म्हणाल्या, "येऊ की. पण रिपोर्ट आम्हाला दाखवशील ना गं? मागे एकांनी रक्त नेलं, ते पुन्हा आलेच नाहीत."

तिने वहीत लिहून घेतले.