क्रोशेचा टॉप अंगात बसायला हवा ना?

पॅटर्नमध्ये १० सेंमीत १६ खांब दिलेत आणि तुमचे १८ भरताहेत? फरक दोनच खांबांचा, पण १०० सेंमी घेरासाठी सांगितलेल्या १६० खांबांत टॉप जेमतेम ८९ सेंमीचा होतो. म्हणजे गेला धाकट्या बहिणीकडे!

आधी १५ सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, मगच मधले १० सेंमी मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरू नका. खांब जास्त भरले तर सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्या, कमी भरले तर बारीक. मुद्दाम सैल हाताने विणायच्या फंदात पडू नका; चार ओळींत मूळ सवय परत येते.

रुंदी जुळली, ओळींची उंची नाही? खांब घालताना पहिला फास किती वर ओढता ते बघा, उंची बरीचशी तिथेच ठरते. सुती दोरा असेल तर चौकोन टांगूनही ठेवा. असा टॉप स्वतःच्याच वजनाने लांबतो.