कोरफडीला पाणी किती घालावे?

कोरफड मूळची अरबस्तानातली. तिथे पाऊस फार थोडा. म्हणून ती जाड पानांत पाणी साठवते. बहुतेक झाडे पानांवरची बारीक छिद्रे दिवसा उघडतात, ही रात्री उघडते. त्यामुळे उन्हात तिचे पाणी फारसे उडून जात नाही.

कोरफड तहानेने सहसा मरत नाही, जादा पाण्याने मरते. मुळे कुजतात, पाने पिवळी अन् पिळपिळीत होतात. आपल्याला वाटते, पाणी कमी पडलं! मग आपण आणखी एक तांब्या ओततो.

तेलाच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला ४ भोके पाडा. अर्धी माती, अर्धी जाड वाळू भरा. बुंध्याशी आलेले पिल्लू मुळांसकट काढा, २ दिवस सावलीत ठेवा, मग लावा. मातीत बोट खुपसून बघा. आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी घाला. पावसाळ्यात डबा पडवीत घ्या.

पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक कडू असतो. पोटात गेला तर जुलाब होतात. तेव्हा लहान भावंडांना जपा.

मे महिन्यात शाळेला कुलूप असते, तरी कोरफड तग धरते. मात्र सुट्टीआधी कीव येऊन डबाभर पाणी ओतू नका!