एल पासोची पोलादी नळी

अमेरिकेत जुन्या बंदुकांचा बाजार भरतो तिथे एक वस्तू हमखास दिसते: निळसर-काळ्या पोलादाची, फूटभर लांबीची नळी. पुढचं तोंड जेमतेम फुगलेलं, मधोमध दोन बुटक्या टोप्या आणि अंगावर कोरलेलं ठिकाण, एल पासो, टेक्सास. हा वीव्हर कंपनीचा ‘के-4’ स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण. डोळा लावला की पलीकडचं झाड चौपट मोठं दिसतं, तेवढंच. मोठेपणा कमी-जास्त करणारी कडी नाही, नेम धरायची प्रकाशणारी फुली नाही. तरीही कित्येक शिकारी तो उचलून म्हणतात, की आज इतक्या स्वस्तात असं काही मिळत नाही.

या म्हणण्यात खरं किती, हे तपासायला वीव्हरच्या कहाणीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ‘स्वस्त स्कोप’ ही कल्पना अमेरिकेत रुजवली ती वीव्हरनेच.

1930मध्ये रायफलवरची दुर्बीण ही हौशी श्रीमंतांची चीज होती. चांगल्या दुर्बिणी जर्मनीहून येत. केंटकीतल्या न्यूपोर्ट गावी विशीतल्या बिल वीव्हरने ‘3-30’ नावाचा स्कोप बनवला आणि रायफलवर बसवायच्या पकडीसकट 19 डॉलरला विकायला काढला. तीन वर्षांनी तो कारखाना घेऊन एल पासोला गेला. दुसऱ्या महायुद्धात याच घराण्यातला 330 हा स्कोप अमेरिकी सैन्याच्या एम1903ए4 या स्नायपर रायफलवर चढला. शेतकऱ्याला परवडावी म्हणून बनवलेली नळी थेट रणांगणावर गेली आणि तिथे तिचं उणंही उघड झालं: दमट हवेत ती आतून धुकटायची. युद्धानंतर, 1947मध्ये, एक इंची जाड नळीची ‘के’ मालिका आली. ‘के-4’ त्यातलाच.

आता काचेकडे वळू. जुन्या स्कोपची काच ‘अस्सल’ असते, असं नेहमी ऐकू येतं. पण भौतिकशास्त्र इथे नव्याच्या बाजूने उभं आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये हवेला भिडणारे असे दहा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत जेमतेम 66 टक्के प्रकाश पोहोचतो. 1935मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर दिला की तोटा दर पृष्ठभागामागे दीड टक्क्यावर येतो आणि दहा पृष्ठभागांअंती 86 टक्के प्रकाश उरतो. आजच्या अनेकपदरी लेपांनी तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला, तर हिशेब 95 टक्क्यांवर जातो. पूर्वी महागड्या दुर्बिणींपुरते असलेले हे लेप आता मध्यम किमतीच्या स्कोपवरही सर्रास मिळतात.

भर दुपारी 86 आणि 95 यांतला फरक डोळ्याला कळतही नाही. तो कळतो तिन्हीसांजेला, हरणं झाडीतून बाहेर पडतात तेव्हा. किंवा सूर्य समोर असताना, कारण परत फिरलेला प्रकाश नळीत उसळ्या मारतो आणि चित्रावर पांढुरका पडदा येतो.

मात्र याच तिन्हीसांजेला जुन्याच्या बाजूनेही एक गणित आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. 32 मिलिमीटर भिंगाचा चौपट स्कोप 8 मिलिमीटरचा झोत देतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे तो पुरून उरतो. 44 मिलिमीटर भिंगाचा नवा स्कोप सोळापटीवर लावला, तर झोत पावणेतीन मिलिमीटरचा. चित्र मोठं, पण काळवंडलेलं. डोळा रेसभर सरकला तरी ते नाहीसं होतं.

खरी लढाई मात्र काचेमागे, यंत्रात आहे. स्कोपच्या पोटात आणखी एक बारीक नळी असते. पुढच्या भिंगाने उलटं पाडलेलं चित्र तिच्यातली भिंगं सुलटं करतात. टोप्यांखालचा वरचा आणि बाजूचा स्क्रू फिरवला की ती नळी ढकलली जाते. समोरून स्प्रिंग तिला रेटून धरते. रायफलच्या प्रत्येक दणक्याला ही जोडी हादरते. स्प्रिंग मऊ पडली किंवा स्क्रूचे आटे झिजले, की फुली जागच्या जागी दिसते आणि गोळी भलतीकडे जाते. ‘के-4’मध्ये मोठेपणा बदलायचा नसल्याने सरकणारी भिंगं नाहीत, त्यांना हलवणाऱ्या खाचाही नाहीत. सैल होण्यासारखं त्यात कमी आहे. स्वस्त झूम स्कोपमध्ये कडी फिरवताच नेम सरकण्याचा दोष येऊ शकतो, तो इथे संभवतच नाही.

पण मोजून नेम हलवायचा असेल, तर जुना स्कोप अडतो. 1960च्या दशकापर्यंतच्या अनेक स्कोपमध्ये स्क्रू फिरवला की फुलीच मध्यापासून ढळलेली दिसे. शिकारी नाण्याने स्क्रू फिरवत आणि मग टोपीवर टिचकी मारत, अडकलेला भाग जागी बसावा म्हणून. एकदा नेम साधला की टोपी घट्ट लावून वर्षभर हात लावायचा नाही, हीच त्या स्कोपची रीत. अंतर बदलताच खटखट करत स्क्रू फिरवणारा आजचा नेमबाज त्याच्याकडून वेगळंच काम मागतो.

धुक्याची गोष्ट ऑरेगनच्या मार्कस ल्युपोल्ड यांच्याशी जोडलेली आहे. शिकारीत स्कोप धुकटल्याने हरीण हुकलं आणि जमीनमोजणीची उपकरणं बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीने 1947मध्ये स्वतःचा स्कोप काढला. नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायची पद्धत त्यांनी रूढ केली. आज स्वस्तातल्या स्कोपमध्येही नायट्रोजन असतो. जुन्या स्कोपची तोंड बंद ठेवणारी रबरी कडी मात्र साठ वर्षांत वाळून गेलेली असू शकते.

‘जुना टिकला’ या पुराव्यालाही मर्यादा आहे. बाजारात दिसतात ते टिकलेले स्कोप. जे फुटले, धुकटले, ते केव्हाच कचऱ्यात गेले. शिवाय सगळे दणके सारखे नसतात. आपल्या जत्रेत फुगे फोडायला असते तशी स्प्रिंगची छऱ्याची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे हिसका देते. मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही या उलट्या हिसक्याने खिळखिळा होऊ शकतो.

आणि ‘स्वस्त’ म्हणजे किती? महागाई धरली तर 1930चे 19 डॉलर आजचे साडेतीनशेच्या आसपास भरतात. जुन्याची तुलना लोक करतात ती शंभर डॉलरच्या नव्या स्कोपशी. ती बरोबरीची नाही.

नावंही फसवतात. एल पासोचा कारखाना 1984मध्ये बंद झाला, डेन्व्हरच्या रेडफील्ड या स्कोप-कंपनीचा 1998मध्ये. दोन्ही नावं पुढे दुसऱ्या मालकांच्या मालावर छापली गेली. माल बनतो कुठे, हेही बदलत गेलं. 1985मध्ये डॉलरला सुमारे 240 येन मिळत, तीन वर्षांत ते 130च्या आसपास आले. जपानी स्कोप डॉलरमध्ये महागले आणि स्वस्त माल हळूहळू कोरिया, फिलिपिन्स, चीनकडे सरकला. एकाच नावाचे दोन स्कोप म्हणूनच दोन वेगळ्या घरांतले असू शकतात.

तेव्हा निवाडा वयावरून नव्हे, कागदावर करावा. एक गोळी झाडायची. मग स्क्रू वीस खटके उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, वीस वर. प्रत्येक कोपऱ्याला एक गोळी. पाचवी गोळी पहिलीच्या भोकाशेजारी यायला हवी. चांगला नवा स्कोप ही चौकट पूर्ण करतो. ‘के-4’ कोपऱ्यात कुठेतरी चुकू शकतो. पण त्याला न हलवता त्याच फुलीने, ऋतूमागून ऋतू, शंभर यार्डांवरचं हरीण टिपणारे लोक आहेत.

नवा स्कोप बिघडला तर पुष्कळ कंपन्या आजन्म हमीखाली तो बदलून दुसरा देतात. जुन्या वीव्हरचं तसं नाही. तो उघडता येतो. कारखाना बंद झाल्यावरही त्याची दुरुस्ती करणारे कारागीर राहिले: भिंगं पुसायची, फुलीची तुटलेली तार नवी ओढायची, वाळलेली रबरी कडी बदलायची, नायट्रोजन भरून तोंड बंद करायचं. मग तीच पोलादी नळी, तिच्यावरच्या ओरखड्यांसकट, आजोबांच्या रायफलवर परत चढते.