मोटारसायकलचा पुढचा चिमटा : ‘कडक’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

कोल्हापूरच्या पश्चिमेस गगनबावडा, दाजीपूर किंवा आंबा घाट ह्या दिशांना जाणारा डांबरी रस्ता सोडून मोटारसायकल वाडीवस्तीच्या वाटेला लागली, की तिच्या पुढच्या चाकाची खरी परीक्षा सुरू होते. वर सड्यावर जांभ्याचे उघडे खडक असतात. पावसाळ्यात उतारावर लाल चिखल असतो. आणि खाली नदीकाठच्या शिवारात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या असतात. अशा वाटेवर चाक जमिनीला धरून राहिले तरच ब्रेक लागतो आणि गाडी वळते. चाक उडाले, तर तेवढ्या क्षणापुरती गाडी चालकाच्या हाती राहत नाही. चाक जमिनीला धरून ठेवण्याचे काम पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग व तेल ह्यांचे असते. हे काम नीट होत नसेल, तर चालक कारागिराकडे जातो आणि एकच विशेषण वापरतो : शॉकअप ‘कडक’ आहे, किंवा ‘मऊ’ आहे. ह्या एका विशेषणात दोन अगदी भिन्न गुणधर्म मिसळले गेले आहेत, आणि चिमटा सुधारण्याचे बरेचसे प्रयत्न फसतात ते ह्या मिश्रणामुळेच.

प्रथम नावांचा विचार केला पाहिजे. ‘चिमटा’ हा शब्द सायकलपासून चालत आलेला आहे आणि तो आकारावरून पडला आहे. दोन पायांत चाक धरणारी वस्तू, एवढाच त्याचा अर्थ. ‘शॉकअप’ हे ‘शॉक ॲब्सॉर्बर’ ह्या इंग्रजी नावाचे बोलीतले रूप. मूळ नावच दिशाभूल करणारे आहे, कारण धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. ज्या भागाला ‘शॉक ॲब्सॉर्बर’ म्हणतात तो स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तेलाच्या घर्षणात जिरवतो व तिची उष्णता करतो. शास्त्रीय मराठीत ह्या सबंध यंत्रणेस ‘निलंबन’ म्हणतात. शब्द निर्दोष आहे. पण कचेरीच्या मराठीत त्याला जो अर्थ चिकटला आहे तो ऐकणाऱ्याच्या मनातून जाता जात नाही, आणि कार्यशाळेत तो रुळण्याची शक्यता फारशी दिसत नाही. ‘अवमंदन’ हा पदार्थविज्ञानातील शब्द मात्र टाकून देता येत नाही, कारण त्याचा अर्थ सांगणारा दुसरा शब्द बोलीत नाही. गतीला विरोध करून ती मंद करणे म्हणजे अवमंदन. स्प्रिंगचा ताठरपणा आणि तेलाचे अवमंदन हेच ‘कडक’ ह्या शब्दात दडलेले ते दोन अर्थ होत.

आजच्या बहुतेक गाड्यांचा चिमटा दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. तेलाच्या अवमंदनासह असा चिमटा बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ मध्ये आपल्या विक्रीच्या गाड्यांना बसवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्वत्र रूढ झाला. महाराष्ट्राच्या खेड्यांत एके काळी घरोघरच्या परिचयाच्या असलेल्या राजदूत १७५ गाडीचा चिमटा मात्र निराळा होता. तिचे पुढचे चाक आडव्या दांड्यांवर मागच्या चाकाप्रमाणे झुलत असे. ब्रेक दाबल्यावर अशी गाडी पुढे वाकत नाही, हा त्या रचनेचा मोठा गुण. वजन आणि बोजडपणा हे तिचे दोष. सरकत्या नळ्यांच्या चिमट्यात हा गुण आपोआप येत नाही. तो अवमंदनाने मिळवावा लागतो.

ताठरपणाचा हिशेब सोपा आहे. समजा, चालकासह गाडीचा ९० किलो भार पुढच्या दोन स्प्रिंगांवर येतो आणि दोन्ही मिळून दर मिलिमीटरला १ किलो भार घेतात. स्प्रिंगा बसवतानाच २५ मिलिमीटर दाबलेल्या असतील, तर चालक बसल्यावर चिमटा ९० उणे २५, म्हणजे ६५ मिलिमीटर खचेल. चाकाची वरखाली चाल २०० मिलिमीटर असल्यास हा खच सुमारे एकतृतीयांश होतो. खडबडीत वाटेसाठी चालीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश खच योग्य मानला जातो. खच हवाच, कारण खड्डा आला की चाकाला खाली उतरायला तेवढीच जागा असते. आता टोपणाखाली २० मिलिमीटरची चकती घालून स्प्रिंग अधिक दाबली, तर खच ४५ वर येतो आणि गाडी पुढून उंच होते. पण स्प्रिंग ताठर होत नाही. पुढचा प्रत्येक मिलिमीटर पूर्वीइतकाच, म्हणजे १ किलोचाच भार घेतो. ‘स्प्रिंग टाइट केली’ हा वाक्प्रयोग येथे फसवतो. खरा ताठरपणा वाढवायचा तर जाड तारेची किंवा कमी वेढ्यांची दुसरी स्प्रिंग घ्यावी लागते.

अवमंदनाचा हिशेब इतका सरळ नाही, आणि अडचण आहे ती येथेच. साध्या चिमट्यात तेल एका पोकळ दांड्याच्या ठराविक मापाच्या छिद्रांतून ढकलले जाते. उद्यमनगरात ज्याने ऑइल इंजिनाचे किंवा पंपाचे काम केले आहे त्याला दट्ट्या, झडप आणि छिद्र ह्यांचे नाते नव्याने सांगावे लागत नाही. अशा छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट, वेग दहापट तर विरोध शंभरपट. ब्रेक दाबल्यावर चिमटा हळू खाली जातो. त्या वेळी छिद्रे जवळजवळ मोकळी असल्यासारखी वागतात आणि गाडी डुबकी मारते. त्याच चाकाखाली जांभ्याचा धोंडा आला, की नळीचा वेग दहापट होतो. तेलाला छिद्रातून निघायला वेळ मिळत नाही आणि धक्का जसाच्या तसा हँडलवर येतो. म्हणजे एकच चिमटा एकाच वाटेवर मऊही असतो आणि कडकही. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि दोहोंचे कारण एकच असते.

ह्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे जाड तेल भरणे. त्याने डुबकी थोडी कमी होते, पण धोंड्यावरचा आघात वाढतो, आणि चिमटा परत उलगडण्याचा वेगही मंदावतो, कारण तेल एकच असून ते दोन्ही दिशांना काम करते. शिवाय तेलाच्या डब्यावरील अंकावरही पूर्ण विसंबता येत नाही. ‘१०’ हा अंक असलेली दोन कंपन्यांची तेले प्रत्यक्षात बऱ्याच वेगळ्या श्यानतेची असू शकतात. ४० अंश सेल्सिअस तापमानाची श्यानता छापलेली असेल, तर तीच पाहावी. चिन्ह एक आणि अर्थ अनेक, हा प्रकार केवळ भाषेतच असतो असे नाही.

खरा उपाय छिद्राचे माप वेगानुसार बदलण्याचा आहे. महागड्या गाड्यांत ह्यासाठी पातळ पोलादी चकत्यांची चळत वापरतात. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात व वाट रुंद होते. साध्या चिमट्यासाठी कॅलिफोर्नियातील ‘रेस टेक’ कंपनीने प्रचारात आणलेली स्वतंत्र झडप मिळते. ती पोकळ दांड्याच्या माथ्यावर, मुख्य स्प्रिंगच्या खाली बसते. तिच्यातील लहान स्प्रिंग ठराविक दाबापर्यंत वाट बंद ठेवते व त्यापुढे उघडते. त्यामुळे हळू गतीला विरोध वाढतो आणि वेगवान धक्क्याला तो आवरला जातो. ती बसवताना दांड्याची खालची छिद्रे मोठी करावी लागतात, म्हणजे तेथे अडथळा उरत नाही आणि सर्व काम झडपेकडे जाते. हे काम साध्या ड्रिलवर होते. मात्र दांड्याच्या वरच्या भागातील बारीक छिद्रांना हात लावता कामा नये. ती परतीच्या गतीची छिद्रे होत. ती मोठी झाली तर उडीनंतर चिमटा एकदम उसळतो आणि उतारावर हँडल हातातून निसटू पाहते. बिघडलेला दांडा पुन्हा पूर्वीसारखा करता येत नाही.

चिमट्यात तिसरी एक स्प्रिंग असते, ती म्हणजे तेलावरची हवा. तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, वास्तविक सर्वांत स्वस्त सुधारणा तीच. समजा, चिमटा पूर्ण उघडा असताना हवेचा स्तंभ ३४० मिलिमीटर आहे आणि १९० मिलिमीटर चालीनंतर तो १५० उरतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे शेवटी दाब सुमारे २.२७ पट होईल. तेलाची पातळी २० मिलिमीटरने वाढवली, तर स्तंभ ३२० व १३० होतील आणि शेवटचा दाब २.४६ पट होईल. पहिल्या ३० मिलिमीटरांत मात्र दोन्ही बाबतींत दाब जेमतेम १.१० पट असतो. सुरुवातीचा मऊपणा न बिघडवता शेवटचे आपटणे कमी करायचे असेल, तर स्प्रिंगेच्या आधी तेलाची पातळी पाहावी. ती एका वेळी ५ ते १० मिलिमीटरच बदलावी. तेल फार भरल्यास सीलवर ताण येतो.

चालीची लांबी हा वेगळा प्रश्न आहे. रॉयल एनफील्डच्या २०१६ च्या हिमालयन गाडीत ती २०० मिलिमीटर होती. हीरोच्या एक्सपल्स २०० मध्ये १९०, आणि त्याच गाडीसाठी कंपनीने काढलेल्या रॅलीच्या संचात २५०. लांब चालीने मोठे खड्डे पचतात, पण गाडी उंच होते आणि बुटक्या चालकाचे पाय चिखलात टेकत नाहीत. घाटातल्या निसरड्या वाटेवर ही गैरसोय क्षुल्लक म्हणता येणार नाही.

घर्षणाविषयी थोडक्यात सांगता येईल. नळीवर वाळलेला चिखल सीलची कड कापतो आणि तेल गळू लागते. रबरी भाता बसवणे व फेरी संपताच नळ्या ओल्या फडक्याने पुसणे, हा त्यावरचा इलाज. चाक काढून बसवल्यावर आस आवळताना एक पाय किंचित ओढला गेला, तर नळ्या समांतर राहत नाहीत आणि नवा चिमटाही अडखळतो. म्हणून आसाचा आवळणारा बोल्ट ढिला ठेवून चिमटा चारपाच वेळा जोराने दाबावा आणि मगच तो आवळावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. चालकांच्या तोंडची विशेषणे संदिग्ध असली, तरी त्यांची क्रियापदे तशी नाहीत. गाडी ‘आपटते’ म्हणजे चाल संपते. तेथे तेलाची पातळी आणि मग स्प्रिंगचा ताठरपणा पाहावा. ‘डुबकी मारते’ म्हणजे मंद गतीचे अवमंदन अपुरे आहे. ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणजे वेगवान धक्क्याला तेलाची वाट अपुरी पडते, किंवा नळ्या अडकतात. ‘उसळते’ म्हणजे परतीचे अवमंदन कमी आहे. सर्वांत फसवी तक्रार पाचवी : गाडी सुरुवातीला बरी चालते, पण लागोपाठच्या खड्ड्यांत ‘बसत जाते’ आणि मग दगडासारखी लागते. चालक येथे ‘कडक झाली’ असे म्हणतो आणि कारागीर मऊ स्प्रिंग सुचवतो. वस्तुतः तेथे परतीची गती फार मंद असते. एका खड्ड्यातून चिमटा पुरता उलगडण्याआधीच दुसरा येतो, चाल दर खेपेला आखडत जाते, आणि चौथ्यापाचव्या खड्ड्याला स्प्रिंगचा शेवटचा भागच कामाला उरतो. मऊ स्प्रिंगने तो आणखी लवकर गाठला जाईल. येथे जुने काळवंडलेले तेल काढून, श्यानता पाहून, पातळ तेल भरावे, आणि गाडी त्याच चाकोरीतून पुन्हा एकदा चालवून पाहावी.