मत्स्यालयाचे वेळापत्रक
(द्वितीय वर्ष, कला)

विजेच्या उपकरणांशी कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा संबंध बटण दाबण्यापुरताच असावा, अशी गेल्या जानेवारीपर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. ती मोडली इंदिरानगरला, मामांच्या बैठकीच्या खोलीत. तेथे माशांची चार फुटी काचेची पेटी आहे. मामा-मामी आठ दिवसांसाठी कोल्हापूरला लग्नाला निघाले आणि जाताना मामा म्हणाले, "अरे, मासे तुझ्या हवाली. नवा कंट्रोलर आणलाय. वेळा भरल्या की झालं. एवढ्या कादंबऱ्या वाचतोस, चार ओळी लिहिता येणार नाहीत?"

कंट्रोलर म्हणजे सॉकेटांची एक पट्टी आणि तिला हुकूम देणारी एक लहानशी पेटी. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र नियम देता येतात. नियम घड्याळावर चालतात, किंवा पाण्यात सोडलेल्या तापमापकाच्या कांडीवर. कशाला घड्याळ लावायचे आणि कशाला नाही, हे ठरवण्यातच खरी मेख आहे.

दिव्याला घड्याळ हवेच. पेटीतल्या वनस्पतींना आठ तासांचा उजेड साधारणपणे पुरतो. त्याहून फार वाढला की काचेवर हिरवे शेवाळ धरते. माणसे घरी असताना मासे दिसावेत म्हणून मी सकाळी 11 ते संध्याकाळी 7 ही वेळ धरली. फिल्टरला मात्र घड्याळ लावणे म्हणजे घात. त्याच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. या जिवाणूंना वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. प्रवाह काही तास थांबला की ते मरू लागतात. म्हणून फिल्टर अहोरात्र चालू. खाणे टाकताना तेवढी दहा मिनिटे बंद, नाहीतर माशांआधी फिल्टरच जेवतो.

हवेचा पंप रात्री हवा. अंधारात वनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. येथे एक गंमत. 'संध्याकाळी 7 ते सकाळी 11' अशी मध्यरात्र ओलांडणारी वेळ काही साध्या टायमरांना समजत नाही. तिचे 12 वाजता दोन तुकडे करून द्यावे लागतात. मी तेवढे कष्टही घेतले नाहीत. पंपाची घरघर झोप मोडते म्हणून तो बंदच ठेवला. मी त्याच खोलीत झोपत होतो.

आता हीटर. मामांनी दोन ओळी आधीच लिहून ठेवल्या होत्या: पाणी 24 अंशांखाली गेले तर चालू, 26 अंशांवर गेले तर बंद. नाशिकची जानेवारीतली थंडी वाचकांस ठाऊक आहेच. मला माशांची दया आली आणि मी खाली तिसरी ओळ जोडली: रात्री 10 ते सकाळी 6 चालू. माझ्या मते ही वरच्या दोन ओळींना मदत होती.

सकाळी साडेसहाला उठलो तेव्हा पाणी 31 अंश होते आणि सगळे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करीत होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात पहाटेची वेळ, आणि पंप बंद. मी हीटरची वायर उपटली, पंप लावला आणि थंड पाणी ओतायला बादली उचलली. तेवढ्यात फोनवर मामा ओरडले, "एकदम ओतू नकोस!" तापमान झपाट्याने उतरले तर माशांना तोही धक्काच. आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी मी तांब्या-तांब्याने घातले. दुपारपर्यंत पारा 27 वर आला. बारांपैकी दोन निऑन टेट्रा मात्र तळाशी आडवे पडले होते.

चूक कोठे झाली? अशा यंत्रांत ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि लागू पडणाऱ्या ओळींपैकी शेवटची खरी धरली जाते. '26 वर बंद' ही आज्ञा रात्रभर लागू होत होती. पण तिच्याखाली माझी ओळ बसली होती. आमच्या संस्कृतच्या सरांना हे सांगितले तेव्हा त्यांना हसू आवरेना. दोन नियमांत विरोध आला तर 'पर' असेल ते करावे, असे पाणिनीच्या अष्टाध्यायीत सूत्रच आहे, आणि परंपरेने 'पर' म्हणजे ग्रंथक्रमात नंतरचा नियम. (2022 साली केंब्रिजला ऋषी राजपोपट यांनी प्रबंधात वेगळा अर्थ मांडला: 'पर' म्हणजे शब्दात उजवीकडे असलेल्या भागाला लागणारा नियम. पण कंट्रोलर परंपरावादी निघाला.)

वीज जाण्याचाही विचार करावा लागतो. चकतीचा साधा टायमर विजेबरोबर थांबतो. वीज दोन तास गेली की दिवाही दोन तास उशिरा मालवतो, आणि चूक रोज तशीच पुढे चालते. बॅटरी असलेल्याचे घड्याळ चुकत नाही. या बाबतीत आपले घटिकापात्र बरे. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची; 24 मिनिटांत ती भरून बुडते, आणि वीज असो वा नसो, मुहूर्त टळत नाही.

असो. मामा परतल्यावर त्यांनी आधी मासे मोजले. मग काही न बोलता पाण्यात हात घालून हीटरची स्वतःची चकती फिरवली. हीटरमध्येही एक तापनियंत्रक असतो. तो कंट्रोलरच्या मर्यादेहून अंशभरच वर ठेवायचा असतो, म्हणजे वरचा हुकूम चुकला तरी हीटर आपणहून थांबतो. चकती 34 वर होती. त्यांनी ती 27 वर आणली. हे त्यांनी कोल्हापूरला निघण्यापूर्वी करायला हवे होते, असे मी मामींना सांगितले. मामांना अजून सांगितलेले नाही.